परळच्या फुटपाथवर आधी विचारायला शिकलो: एका लूथरन मंडळीच्या सेवेचं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच मंडळीचं, म्हणजे चर्चच्या समुदायाचं आहे, त्यामुळे तटस्थपणाचा आव आणत नाही. मंडळीचं नाव आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. मंडळी लहान आहे. नाव लिहिलं की कोण काय बोललं हे पुढच्या रविवारपर्यंत सगळ्यांना कळणार, आणि यातल्या एकदोन गोष्टी अजून मिटलेल्या नाहीत.

आम्ही कोण

मुंबईत ‘लूथरन’, म्हणजे सोळाव्या शतकातल्या जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या पंथाचे, म्हटलं की मराठी माणूस, अगदी मराठी ख्रिस्ती माणूससुद्धा, दोनदा विचारतो. माझं माहेर अहमदनगरचं. तिथे 1831 पासून अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं होतं. घरात नारायण वामन टिळकांची भजनं, आणि 1970 नंतर चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची पाटी. बरेच प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन ते चर्च झालं, लूथरन मंडळ्या मात्र त्या ऐक्यात आल्या नाहीत. मी लूथरन झाले ती लग्नामुळे. सासरचे लोक मूळचे गुंटूरकडचे तेलुगू, दोन पिढ्या गिरणगावात गेलेल्या. सासरे 1982 च्या संपात घरी बसले ते कायमचे. सासूबाईंना मी अत्तम्मा म्हणायचे. त्यांचा जन्म गुंटूरच्या कुगलर हॉस्पिटलमधला. ॲना कुगलर ही अमेरिकन लूथरन डॉक्टर 1883 मध्ये तिथे आली आणि 1898 मध्ये तिचं हॉस्पिटल सुरू झालं. अत्तम्मांच्या तोंडी धर्माची व्याख्या अशी कधी ऐकली नाही. ‘आम्ही कुगलरम्माचे’ एवढंच त्या सांगायच्या.

मंडळीत तेलुगू घरं जास्त, थोडी तमिळ, माझ्यासारख्या लग्नाने आलेल्या मराठी बायका, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत झारखंडहून आलेल्या मुली. या मुली वांद्रे, खार, पवई इथे घरकामाला असतात आणि महिन्यातून दोन रविवार सुटी मिळाली की येतात. त्यांच्याकडे लूथरनपण 1845 मध्ये रांचीला आलेल्या जर्मन गॉस्नर मिशनऱ्यांकडून आलं. तिसऱ्या पिढीची भाषा आता मराठीच आहे, म्हणून दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी उपासना मराठीत होते. चर्चची इमारत जुनी आहे. मागे दोन खोल्या आणि एक मोरी. टाटा हॉस्पिटलपासून चालत वीस मिनिटं.

या प्रकरणात पुढे जे घडलं ते या भाषा आणि ती मोरी यांच्यामुळे. तेव्हा मात्र आम्हाला यातलं काही भांडवल आहे असं वाटत नव्हतं. आमच्याकडे पैसे नाहीत, एवढंच दिसत होतं.

ईस्टरचा पुलाव

कोविडनंतरचा पहिला धड ईस्टर 2022 चा. दोन वर्षं उपासना फोनवर ऐकून लोक कंटाळले होते आणि पाळकसाहेबांनी उपदेशात म्हटलं, या वर्षी सणाचं जेवण आपण आपल्यासाठी नको, दुसऱ्यांसाठी करू या. लगेच महिला मंडळाने मनावर घेतलं. व्हेज पुलाव, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, लाडू. पाकिटं भरली आणि दुपारी टेम्पो करून जेरबाई वाडिया रोडवर गेलो.

हा रस्ता मुंबईकरांना माहीत आहे. टाटा मेमोरियल हे कॅन्सरचं हॉस्पिटल 1941 मध्ये सुरू झालं आणि 1962 पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे. देशभरातून माणसं इथे येतात. धर्मशाळांत जागा मिळेपर्यंत, किंवा मिळालेली मुदत संपली की, बरीच कुटुंबं आसपासच्या फुटपाथवर राहतात. चटई, स्टोव्ह, प्लास्टिकचा कागद, आणि उशाखाली प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली फाईल. सामान भिजलं तरी चालेल, फाईल भिजता कामा नये.

आमच्या आधी तिथे दोन गाड्या उभ्या होत्या. एका शेटजींच्या वडिलांची पुण्यतिथी, दुसरीकडे कुणाचा वाढदिवस. लोकांनी आमची पाकिटं घेतली, कारण नाही म्हणायचा संकोच वाटतो. थोड्या वेळाने मी पाहिलं तर एका माणसाच्या शेजारी चार पाकिटं न उघडता ठेवलेली. त्याचा जबडा बँडेजमध्ये होता आणि नाकातून नळी घातलेली. आमच्यातल्या एका उत्साही मुलाने त्याच्या हातात पाचवं पाकीट दिलं, ‘हॅपी ईस्टर’ म्हणत. त्याने ते कपाळाला लावलं आणि चारांवर ठेवलं.

घरी येताना टेम्पोत कुणी बोललं नाही. आमच्या मंडळीत निवृत्त परिचारिका आहेत, सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. त्या तेवढ्या बोलल्या आणि त्यांचं बोलणं गोड नसतं. तोंडाच्या कॅन्सरवाल्याला पुलाव, केमोने तोंड आलेल्याला मसाला, आणि ज्याच्या पांढऱ्या पेशी खाली गेल्यात त्याला तीन तास उन्हात राहिलेली कच्ची कोशिंबीर. ‘आपण आज कुणाचं पोट बिघडवलं नसलं तर देवाची कृपा,’ असं म्हणून त्या उतरल्या.

चार शनिवार रिकाम्या हाताने

पुढच्या सभेत दोन मतं पडली. एक, सोडून द्या, हे आपलं काम नाही. दुसरं, पथ्याचं जेवण द्या. सिस्टर दोन्ही बाजूंना नव्हत्या. त्यांनी बायबलमधल्या बार्तीमयाची गोष्ट काढली. आंधळा भिकारी रस्त्याच्या कडेला ओरडतोय, त्याला काय हवंय हे कुणालाही दिसतं, तरी प्रभू येशू त्याला विचारतो की मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे. ‘आपण विचारलं का?’ विचारलं नव्हतं.

मग ठरलं की चार शनिवार जायचं, हातात काही न घेता, आणि विचारायचं. हे वाटतं त्याहून फार अवघड आहे. पाकीट हातात असलं की आपण कोण आणि समोरचा कोण हे ठरलेलं असतं. रिकाम्या हाताने फुटपाथवर बसलं की आपणच अवघडतो. पहिल्या शनिवारी आमच्यातले तिघे वीस मिनिटांत चहाला निघून गेले. मीही त्यांच्यात होते.

दुसऱ्या शनिवारी झारखंडमधल्या गुमल्याची एक मुलगी आमच्याबरोबर आली. तिथे कोपऱ्यात एक बाई आठवडाभर कुणाशी बोलत नव्हती. आम्ही हिंदीत विचारलं, मराठीत विचारलं, ती मान हलवायची. ही मुलगी जाऊन उकिडवी बसली आणि ‘जोहार’ म्हणाली. त्यानंतर अर्धा तास त्या बाईचं बोलणं थांबेना, तेही सादरीत, म्हणजे तिकडच्या भाषेत. आम्हाला वाटलं, आजाराबद्दल काही गंभीर असणार. मुलीने सांगितलं ते असं: तिला गावी भावाला फोन लावून हवाय. फोनची बॅटरी चार दिवसांपासून मेलेली. भावाला सांगायचंय की बैलजोडी विकू नको, आयुष्मान कार्ड इथे चालतं असं कुणीतरी म्हणालंय, आधी ते विचारून होऊ दे.

बैलजोडी वाचली. हे एवढं लिहिताना मला अजूनही त्या दिवसाचं हसू येतं, कारण आम्ही त्या बाईला ईस्टरला दोन पाकिटं दिली होती.

चार शनिवारांनंतर वहीत जे जमलं त्यात जेवण जवळजवळ नव्हतं. कपडे धुऊन वाळवायचे कुठे, विशेषतः पावसाळ्यात. फोन चार्ज कुठे करायचा. मी हॉस्पिटलच्या खिडकीवर रांगेत असताना पेशंटजवळ कोण बसेल. हा कागद काय म्हणतोय. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म कुठून सही करून आणायचा (कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीमध्ये पूर्ण सवलत मिळते, सोबतच्या एकाला 75 टक्के, हे बऱ्याच जणांना परतीच्या तिकिटाला पैसे उसने घेतल्यावर कळतं). प्लेटलेट कोण देईल. आणि नळीतून द्यायचं अन्न वाटायला मिक्सर. स्टोव्हवर मुगाचं पाणी होतं, नाचणीचं सत्त्व होतं, पण नळी तुंबू नये इतकं बारीक वाटून गाळायचं कसं?

एका माणसाने फक्त दाढी करून मागितली. नाव वहीत आहे. पुढच्या शनिवारी तो तिथे नव्हता.

काय सुरू केलं, काय बिघडलं

मागच्या दोन खोल्यांपैकी एकीत वॉशिंग मशीन आलं, कुणाच्यातरी घरचं जुनं, वरून भरायचं. दुसरीत मिक्सर, गाळण्या, पाणी उकळायचं पातेलं आणि भिंतीवर प्लगांची एक लांब पट्टी. बायका स्वतः येतात, स्वतःचं वाटण स्वतः करतात. सुरुवातीला आमच्या बायका मिक्सर हातातून घ्यायच्या, ‘तुम्ही बसा हो’ म्हणून. ते बंद केलं. पाच आठवडे कुणाच्यातरी दयेवर असलेल्या बाईला निदान स्वतःच्या नवऱ्याचं अन्न तरी स्वतःच्या हाताने करू द्यावं.

पहिल्याच महिन्यात दोन कुटुंबांचे कपडे एकमेकांत गेले. ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्यातल्या एका पिशवीत पेशंटचा उद्याच्या ॲडमिशनचा एकुलता धड सदरा होता. तेव्हापासून पिशव्यांना खडूने नाही, शिवून नंबर.

याहून मोठी चूक पपईची. आमच्या एका भगिनीने प्रेमाने एका बाईला सांगितलं की प्लेटलेट वाढायला पपईच्या पानांचा रस द्या, डेंग्यूत आमच्या घरी दिला होता. त्या बाईने केमो चालू असलेल्या मुलाला दोन दिवस दिला. तिसऱ्या दिवशी मुलाला उलट्या. कारण रस होता की औषध, ते ठरलं नाही. पण सिस्टरांनी खोलीच्या दारावर मार्करने लिहिलं: औषध, पथ्य, पाला, प्रार्थनेने बरा झालेला अमुक, यातलं काहीही इथे सांगू नये. डॉक्टरला काय विचारायचं ते लिहून द्यावं. ‘प्रार्थनेने बरा झालेला’ वाचून काही जणांना राग आला. पाटी तशीच आहे.

दुसरा नियम, सर्दी-ताप असेल त्याने यायचं नाही. तेही काहींना कमी विश्वासाचं लक्षण वाटलं. तेव्हा पाळकसाहेबांनी 1527 ची आठवण दिली. विटेनबर्गला प्लेग आला, विद्यापीठ येनाला हललं, लूथर मात्र गावात राहिला आणि त्याच्या घरातच आजाऱ्यांची सोय झाली. पण प्लेगमध्ये पळावं का या प्रश्नाला त्याने जे उत्तर लिहिलं, त्यात बेफिकिरीलाही तो तेवढाच झोडपतो. औषध घ्या, धुरी द्या, गरज नसेल तिथे जाऊन रोग पसरवू नका. शूरपणा दाखवायला पेशंटजवळ खोकत बसणं हे त्याच्या लेखीही पापच.

प्लेटलेटचं काम तरुण संघाकडे गेलं. रक्त पुरुषाला तीन महिन्यांनी एकदा देता येतं, मशीनवर नुसत्या प्लेटलेट मात्र 48 तासांनंतर पुन्हा देता येतात, वर्षात 24 वेळांपर्यंत. आणि साठवण फक्त पाच दिवसांची, म्हणून ‘एकदा मोठं शिबिर घेतलं’ याचा इथे उपयोग नाही. दर आठवड्याला दोघं हवेत. मुलांनी वेळापत्रक केलं आणि ते पाळलं. चर्चच्या कुठल्याही कार्यक्रमाला वेळेवर न येणारी ही मुलं तिथे दीड तास सुई लावून बसतात, याचं कोडं मला सुटलेलं नाही.

पत्रकांचा वाद

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांतले सर्वांत ज्येष्ठ, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, पहिल्यापासून कामात होते आणि पहिल्यापासून नाराज. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मिक्सर आहे, मशीन आहे, प्लग आहेत, पण भिंतीवर एक वचन नाही, हातात एक पत्रक नाही. ‘सुवार्ता न सांगता कपडेच धुवायचे तर आपण मंडळी कशाला? लाँड्री म्हणा.’ त्यांनी स्वखर्चाने हिंदी पत्रकं आणली आणि दोन शनिवार धुतलेल्या कपड्यांच्या पिशवीत एकेक घातलं.

तिसऱ्या शनिवारी दोन कुटुंबं आली नाहीत. विचारल्यावर एकाने हात जोडून सांगितलं, तुम्ही चांगले लोक आहात, पण गावी कळलं तर बोलतील. दुसऱ्याने काहीच सांगितलं नाही.

सभा गरम झाली. तरुण मुलं म्हणाली, आजारी माणूस ‘नको’ म्हणू शकत नाही. ज्याला नको म्हणायची सोय नाही त्याला पत्रक देणं ही देवाणघेवाण झाली. अण्णा म्हणाले, मग देवाची प्रीती देवाचं नाव न घेता वाटायची का? मला दोन्ही पटत होतं, आणि अजूनही पूर्ण कौल देता येत नाही.

पाळकसाहेबांनी जे मांडलं ते लूथरन माणसाला नवीन नव्हतं, पण कपड्यांच्या पिशवीला लावून पाहिलं नव्हतं. आपलं तारण कृपेने, विश्वासाने, कृत्यांनी नाही. हे आपण लहानपणापासून पाठ म्हणतो. मग आपलं चांगलं काम स्वर्गात खातं उघडायला लागत नाही. 1520 च्या ‘ख्रिस्ती माणसाचं स्वातंत्र्य’ मध्ये लूथर दोन वाक्यं शेजारी ठेवतो: ख्रिस्ती माणूस सर्वांवर स्वामी, कुणाच्याही अधीन नाही, ख्रिस्ती माणूस सर्वांचा दास, प्रत्येकाच्या अधीन. पाळकसाहेबांचा मुद्दा असा की ज्या कामातून मला स्वतःसाठी काही कमवायचं नाही, त्यातून मंडळीसाठी सभासद तरी का कमवायचे? शेजाऱ्याला सदरा धुऊन हवा आहे, तर सदरा धुवा. तो काही विचारेल तेव्हा लपवू नका.

ठराव झाला: सेवेच्या वेळी पत्रक नाही, कुणी विचारलं तर मोकळेपणी सांगायचं, प्रार्थना मागितली तरच करायची, आणि काय मागायचं ते त्यांना विचारून. अण्णांनी विरोधात हात वर केला आणि त्याची नोंद करून घेतली.

पण शनिवारी पहाटे सहाला खिडकीसमोर दुसऱ्याच्या रांगेत उभं राहायला अण्णाच जातात. झोप येत नाही, असं कारण देतात. एकदा आझमगडच्या एका मुसलमान बाईने त्यांना म्हटलं, चाचा, दुआ करा. ठरावाप्रमाणे अण्णांनी विचारलं, काय मागू? ती म्हणाली, प्लेटलेटचा काउंट लाखावर जाऊ दे, म्हणजे सोमवारी केमो देतील. अण्णांनी तिथेच रांगेत, टोपी काढून, आकड्यासकट तेवढंच मागितलं. वाक्य लांबवलं नाही, हे त्यांच्या प्रार्थना ऐकलेल्यांना खरं वाटणार नाही.

पेटी

पैशाचा प्रश्न उशिरा आला, कारण सुरुवातीला खर्चच साबण आणि विजेचा होता. नंतर परतीची तिकिटं, मृतदेह गावी न्यायची गाडी अशा गोष्टी आल्या आणि सेवेची पेटी वेगळी करावी लागली. पहिलं वर्ष ती एकाच घरी होती. हिशेबात काही गडबड नव्हती, पण आहे अशी कुजबुज सुरू झाली आणि पेटी सांभाळणाऱ्या बाईने रडत किल्ली आणून टेबलावर ठेवली.

धर्मसुधारणा दिनाच्या वर्गात मुलांना लाइस्निग या जर्मन गावाबद्दल शिकवलं होतं. 1523 मध्ये तिथल्या मंडळीने गरिबांसाठी सामाईक पेटी केली, तिला चार कुलपं, आणि चार किल्ल्या चार गटांकडे: सरदार, नगरपालिका, नागरिक, शेतकरी. लूथरने त्या नियमावलीला प्रस्तावना लिहिली. आमच्याकडे सरदार नाहीत. आम्ही तीन कुलपं केली: एक किल्ली महिला मंडळाकडे, एक तरुण संघाकडे, एक झारखंडच्या मुलींकडे. तिसऱ्या किल्लीवर बरीच भुवई उंचावली गेली. ‘त्या तर दोन रविवारीच येतात.’ पण पेटीत दर वेळी न चुकता टाकणाऱ्या त्याच आहेत, हे मोजणाऱ्यांना ठाऊक होतं. बायबलमधल्या, दानपेटीत आपल्याकडच्या दोन टोल्या (क्षुल्लक नाणी) टाकणाऱ्या गरीब विधवेवर उपदेश ऐकायला आपल्याला आवडतं. तिला किल्ली द्यायची म्हटलं की सभा लांबते. महिन्याच्या पहिल्या रविवारी हिशेब उपासनेनंतर मोठ्याने वाचला जातो, साबणाच्या वड्यांसकट.

परदेशातल्या एका पाहुण्याने डॉलरमध्ये मदत देऊ केली. परदेशी देणग्यांच्या कायद्याची (एफसीआरए) नोंदणी नसताना ती घेता येत नाही, म्हणून नाही म्हटलं. नोंदणी असती तर काय म्हटलं असतं, यावर चर्चा झाली नाही आणि बरं झालं.

मोठा वाद छपराचा आहे. पाऊस जोरात झाला की वेदीच्या डाव्या बाजूला गळतं आणि उपासनेत बादली ठेवावी लागते. हंगामाच्या सणाला लोकांनी वाहिलेल्या वस्तूंचा चर्चमध्ये लिलाव होतो, त्याचे पैसे परंपरेने इमारतीला जातात. गेल्या खेपेला एका नारळाची बोली चढवत चढवत दोन घरांनी ईर्षेने बरीच रक्कम उभी केली, आणि लगेच प्रश्न आला, छपराला की दुसऱ्या मशीनला? पहिलं मशीन आता कपडे नीट पिळत नाही, आणि जुलैत ओले कपडे दोन दिवस वाळत नाहीत. अण्णा छपराच्या बाजूला आहेत, सिस्टर मशीनच्या. गुमल्याच्या मुलीने विचारलं की बादलीतलं पाणी मशीनला वापरतो का आपण. सगळे हसले, विषय पुढच्या सभेवर गेला, आणि पैसे तीन कुलपांच्या आत आहेत.